खाल्ले मीठ आणि दिलेले मत

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाला लोक दोनच प्रकारचे प्रश्न विचारतात. एक, अमुक काम कोणत्या कचेरीत होते; आणि दोन, तुमच्या काळी असे होते काय. गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या एका बैठकीनंतर चहा घेत असताना एका तरुण प्राध्यापकांनी आम्हांस तिसऱ्याच प्रकारचा प्रश्न विचारला. ते म्हणाले, “काका, तुम्ही निवडणूक निरीक्षक म्हणून काम केले आहे. मग तुमच्या देखत पैसे वाटले गेले की नाही? आणि गेले असतील, तर तुम्ही नेमके काय निरीक्षण करत होता?”

भोवतालचे हसले. आम्हीही हसून वेळ मारून नेली. परंतु धारवाडच्या उतरत्या रस्त्याने घरी येताना तो प्रश्न आमच्या बरोबरीने चालत आला व अद्याप गेलेला नाही. त्याचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे. उत्तर देताना आमची स्वतःची एक चूक सांगावी लागणार आहे, ती योग्य ठिकाणी सांगू.

आधी निरीक्षक म्हणजे कोण, हे स्पष्ट करावयास हवे. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका हा विषय पूर्वी सर्वस्वी राज्य शासनाच्या मर्जीवर असे. निवडणुका वर्षानुवर्षे लांबणीवर पडत, पालिकांवर प्रशासक बसत. १९९३ साली घटनेच्या ७३ व्या व ७४ व्या दुरुस्त्या अमलात आल्या आणि प्रत्येक राज्यात स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग निर्माण झाला. ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंतच्या निवडणुकांचे अधीक्षण, संचालन व नियंत्रण त्याच्या हाती आले. लोकसभा-विधानसभेच्या बाबतीत भारत निवडणूक आयोगाचे जे स्थान, तेच आपल्या क्षेत्रात राज्य आयोगाचे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली अहमदाबाद महानगरपालिकेच्या प्रकरणात स्पष्ट केले. मात्र या आयोगाला स्वतःची फौज नाही. निवडणूक लागली की तो राज्य सरकारचेच अधिकारी उसने घेतो. त्यांतील काही वरिष्ठांना निरीक्षक म्हणून दुसऱ्या भागात धाडतो. निरीक्षकाने अर्ज दाखल होण्यापासून मतमोजणीपर्यंत सर्व पाहावयाचे, उमेदवारांच्या खर्चावर नजर ठेवावयाची, तक्रारी ऐकावयाच्या आणि आयोगाला अहवाल द्यावयाचा. म्हणजे निरीक्षक हा आयोगाचा उसना डोळा होय. तो डोळा आयुष्यभर ज्या सरकारची चाकरी करतो, त्याच सरकारातील सत्ताधाऱ्यांच्या माणसांकडे त्याला पंधरा-वीस दिवस निर्विकारपणे पाहावे लागते व त्यानंतर पुन्हा त्यांच्याच हाताखाली जावे लागते. ही अडचण लहान नाही, हे प्रारंभीच नमूद करतो.

दुसरी गोष्ट स्थानिक निवडणुकीच्या आकाराची. लोकसभेचा आपला धारवाड मतदारसंघ सतरा-अठरा लाख मतदारांचा. तेथे पैसा ओतणाऱ्याला तो मुरतो कोठे हे कळत नाही. परंतु हुबळी-धारवाड महानगरपालिकेची ३ सप्टेंबर २०२१ रोजी निवडणूक झाली तेव्हा प्रभाग होते ८२ आणि मतदार आठ लाखांच्या आसपास. म्हणजे एका प्रभागात सरासरी दहा हजार. त्यांतील निम्म्याहून थोडे अधिक मतदानाला आले. ती मते चार-पाच उमेदवारांत विभागली, की दोन हजारांच्या आसपास मते मिळविणारा निवडून येऊ शकतो. ग्रामपंचायतीत तर हा आकडा शंभर-दोनशेवर येतो. तेथे वीस मतांनी निकाल फिरतो आणि ती वीस मते कोणत्या घरांत आहेत हे सर्वांस ठाऊक असते. म्हणून लोकशाहीची संस्था जितकी लहान, तितके एका मताचे मोल अधिक. आणि मोल अधिक म्हणून गिऱ्हाईकही अधिक. ज्या स्थानिक स्वराज्याला आपण लोकशाहीची प्राथमिक शाळा म्हणतो, तेथेच खरेदी-विक्रीचा पहिला धडा गिरवला जावा, ही विचार करावयास लावणारी गोष्ट आहे.

आता आमची गोष्ट. मार्च २०१३ मध्ये कर्नाटकातील नगरपालिका-महानगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. उत्तर कर्नाटकातील एका लहान गावच्या पालिकेसाठी आमची निरीक्षक म्हणून नेमणूक झाली होती. गावाचे नाव सांगत नाही. त्याची आवश्यकताही नाही. मतदानाच्या दोन दिवस आधी, दिवेलागणीच्या सुमारास, आम्ही एका गल्लीतून पायी जात होतो. गाडी मुद्दाम दूर ठेवली होती. एका घराच्या कट्ट्यावर एक वृद्ध बाई ज्वारी निवडीत बसल्या होत्या. आम्ही चौकशी केली. आमचे मराठी ऐकून त्या अर्धे मराठी व अर्धे कन्नड अशा आपल्या इकडच्या बोलीत मोकळेपणाने बोलू लागल्या. गल्लीत पैसे आले होते काय, असे आम्ही विचारले. त्यांनी नाकारले नाही.

“घेतलं नाही म्हणून खोटं कशाला सांगू साहेब? घरटी दिलं, आम्हीबी घेतलं. वर देवळात नेऊन भंडार उचलायला लावला. आता तुम्ही मोठे साहेब, तुम्हीच सांगा. मला तर तो माणूस पटत नाही. पण मत दुसऱ्याला दिलं तर चालतंय काय?”

आम्ही सरकारी उत्तर दिले. म्हटले, “आजी, मत गुप्त असते. यंत्रावर कोणाचे बटण दाबले ते कोणालाही दिसत नाही.”

त्यांनी सूप खाली ठेवले आणि म्हणाल्या, “माणसाला दिसत नाही. देवाला दिसतंय की!”

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. पैसे घेणे हा गुन्हा आहे, एवढे सांगून आम्ही पुढे झालो. गल्लीच्या तोंडाशी दोन तरुण आम्हांस पाहून बाजूला सरले. पोलिसांना कळवले, ते आले तोवर कोणी नव्हते. पंचनामा करावा असे हाती काही लागले नाही. त्या बाईंचा जबाब घेतला असता तर गुन्ह्यात प्रथम त्याच अडकल्या असत्या. मतदान झाले, मोजणी झाली. आमच्या अहवालात आम्ही लिहिले की, मतदान शांततेत व निर्भय वातावरणात पार पडले. गैरप्रकाराची लेखी तक्रार प्राप्त झाली नाही. या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. तरीही ते वाक्य खोटे होते, आणि हे आम्हांस ते लिहितानाही ठाऊक होते.

या प्रसंगात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. पहिला त्या बाईंचा: पैसे घेऊन शपथ वाहिली, तर ती पाळावी काय? दुसरा आमचा: ज्याचे काम पाहणे हेच आहे, त्याने पाहून काय करावे? दोन्हींचा क्रमाने विचार करू.

मत विकण्यात गैर ते काय, असे विचारणारे लोक थोडे नाहीत आणि ते सर्वच निर्लज्ज नाहीत. ते म्हणतात, पाच वर्षे आमच्या गटाराकडे कोणी फिरकत नाही. निवडून येणारा स्वतःचे घर भरणारच. मग त्यातील चार पैसे आधीच आमच्या हाती पडले तर बिघडले कोठे? वस्तू माझी, विकणारा मी. या म्हणण्यात वेदना आहे, म्हणून ते उडवून लावता येत नाही. परंतु त्यातील ‘वस्तू माझी’ हे गृहीत तपासले पाहिजे. इंग्लंडात जॉन स्टुअर्ट मिल याने १८६१ साली प्रातिनिधिक शासनपद्धतीवर ग्रंथ लिहिला. मत ही मतदाराची खाजगी मालमत्ता नसून त्याच्याकडे सोपविलेली ठेव आहे, असा युक्तिवाद त्याने त्यात केला. माझ्या मताने केवळ माझ्यावर राज्य करणारा निवडला जात नाही. शेजाऱ्यावर, अजाण मुलांवर, मत न देणाऱ्यावरही तोच राज्य करतो. दुसऱ्याच्या हिताची ठेव विकण्याचा अधिकार ठेवीदाराला कसा असेल? मिल हा केवळ लिहिणारा नव्हता. १८६५ मध्ये तो वेस्टमिन्स्टरमधून उभा राहिला, तेव्हा निवडणुकीसाठी आपण पैसा खर्च करणार नाही असे त्याने आधीच सांगितले होते, आणि तरी तो निवडून आला.

आपल्या भाषेने हीच गोष्ट अधिक थोडक्यात सांगितली आहे. मराठीत आपण मतदान म्हणतो, कन्नडमध्येही शब्द तोच आहे. त्यात ‘दान’ आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य पात्री दिलेले ते सात्त्विक. मोबदल्यावर डोळा ठेवून दिलेले ते राजस. मोबदला आधीच खिशात घालून दिलेल्या दानाला काय म्हणावे, हे वाचकांनीच ठरवावे. त्याला दान म्हणणे तरी कठीण आहे.

येथवर मिलशी आमचे जमते. पुढे मात्र जमत नाही. मत ही ठेव असल्याने ते उघडपणे दिले पाहिजे, म्हणजे समाजाला हिशेब विचारता येईल, असे मिलचे म्हणणे होते. त्याच्या देशाने ते मानले नाही. अठराव्या शतकातील इंग्लिश निवडणुका किती बाजारी होत्या हे विल्यम होगार्थ याच्या चित्रांत दिसते. १७५४ च्या ऑक्सफर्डशायरमधील निवडणुकीवर त्याने चित्रमालिका काढली. तिच्यातील एका चित्रात दोन बाजूंचे दलाल एकाच मतदाराच्या दोन्ही हातांत पैसे देत आहेत. इंग्लंडने १८७२ मध्ये गुप्त मतदान आणले आणि १८८३ मध्ये खर्चाला मर्यादा घालणारा कडक कायदा केला. गुप्त मतदानाचा हेतू एवढाच नव्हता की जमीनदाराला कूळ घाबरू नये. विकत घेणाऱ्याला आपला माल पोहोचला की नाही हे कळू नये, म्हणजे तो पैसे टाकणारच नाही, हाही त्यात एक हिशेब होता.

हा हिशेब आपल्याकडे कोठे चुकला, हे त्या वृद्ध बाईंच्या एका वाक्याने आम्हांस कळले. डोळ्यांनी पडताळा घेता येत नाही म्हणून विकत घेणाऱ्याने पडताळ्याचे काम देवावर सोपविले. बेल-भंडार उचलणे, दुधात हात घालणे, लेकराच्या डोक्यावर हात ठेवणे, हे प्रकार म्हणजे गुप्त मतदानाला शोधलेली पळवाट आहे. आणि ही पळवाट कोणावर चालते? जो लबाड आहे, तो दोघांचेही पैसे घेतो, दोन्हीकडे भंडार उचलतो आणि मनाला येईल तसे करतो. त्याच्यावर टाकलेला पैसा वाया जातो. जो दिल्या शब्दाला जागतो, खाल्ल्या मिठाला जागतो, त्याच्यावरच हा पैसा कामी येतो. म्हणजे मतांचा बाजार गरिबाच्या लाचखोरीवर चालतो हे अर्धेच सत्य आहे. तो बाजार मुख्यतः गरिबाच्या प्रामाणिकपणावर चालतो. नोटा उमेदवाराच्या असतात, परंतु खरे भांडवल मतदाराची सचोटी हे असते. या धंद्यातील सर्वांत मोठे पाप हेच, असे आम्हांस वाटते.

मग ती शपथ पाळावी काय? हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. कर्णपर्वात युधिष्ठिर अर्जुनाला म्हणतो की, तुझे गांडीव दुसऱ्या कोणाला तरी दे. असे जो म्हणेल त्याचा वध करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा असते. तो खड्ग उपसतो. त्या वेळी श्रीकृष्ण त्याला अडवतो आणि कौशिक नावाच्या ब्राह्मणाची कथा सांगतो. कौशिकाने सत्यच बोलण्याचे व्रत घेतले होते. लुटारूंनी विचारले, पळालेली माणसे कोणत्या वाटेने गेली? त्याने खरे सांगितले. माणसे मारली गेली आणि कौशिकाच्या वाट्याला नरक आला. शब्द पाळणे हा धर्म खरा. परंतु जो शब्द पाळल्याने निरपराधांवर संकट येते, तो शब्द धर्माच्या नावावर खपवता येत नाही. आपला १८७२ चा करार कायदाही रुक्ष भाषेत हेच सांगतो: ज्या कराराचा मोबदला किंवा हेतू बेकायदा, तो करारच रद्दबातल.

याच्या उलट उदाहरण भीष्मांचे आहे. दुर्योधनाची बाजू अन्यायाची आहे हे त्यांना ठाऊक होते. युद्धाच्या आरंभी आशीर्वाद मागावयास आलेल्या युधिष्ठिराला ते स्पष्ट सांगतात की, कौरवांच्या अर्थाने आपण बांधले गेलो आहोत. ज्यांच्यासारखा सत्यप्रतिज्ञ दुसरा नाही, तेही खाल्ल्या अन्नाखातर अधर्माच्या सैन्याचे सेनापती झाले. तेव्हा त्या कट्ट्यावरच्या बाई एकट्या नव्हत्या. त्यांच्या बाजूने साक्षात भीष्म उभे होते. परंतु भीष्मांचा तो निर्णय अनुकरणीय आहे असे महाभारत वाचणारा कोणीही म्हणत नाही. आपण त्यांच्याविषयी हळहळतो.

येथे एक सोपे उत्तर नेहमी दिले जाते: पैसे घ्या आणि मत मनाप्रमाणे द्या. भल्याभल्या वक्त्यांनी व्यासपीठावरून ते दिलेले आम्ही ऐकले आहे. आम्हांस ते पटत नाही. एक तर कायद्याने देणारा व घेणारा दोघेही दोषी आहेत. १९२० साली भारतीय दंड संहितेत निवडणूकविषयक गुन्ह्यांचे प्रकरण घातले गेले तेव्हापासून ही तरतूद आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० मध्येही ती कायम आहे. दुसरे असे की, या सल्ल्याने आपण प्रामाणिक माणसाला लबाडी शिकवतो. बाजार मोडावा म्हणून सचोटी मोडावयाची, हा सौदा महागात पडणारा आहे. आमचे उत्तर वेगळे आहे. पैसे घेणे ही चूक झाली आणि तिचा पश्चात्ताप व्हावयास हवा. शक्य असेल तर ते पैसे एखाद्या सार्वजनिक कामाला देऊन मोकळे व्हावे. परंतु त्या पैशापोटी दिलेला शब्द बंधनकारक नाही, कारण ज्याचे मत आहे त्या गावाला न विचारता तो दिला गेला. पहिली चूक केली म्हणून दुसरी केलीच पाहिजे, असा धर्म नाही. ज्याने देवाला या व्यवहारात जामीन म्हणून उभे केले, जाब त्याने द्यावयाचा आहे. हे एवढेच त्या संध्याकाळी बोलावयास हवे होते. आमच्या हातातल्या पुस्तिकेत ते नव्हते. पण आमच्या संस्कारात होते.

आता कोणी म्हणेल, एका मतदाराचे ठीक. सारे गावच सौद्यात सामील असेल तर? याचे उदाहरण महाराष्ट्रात घडले आहे. जानेवारी २०२१ मधील ग्रामपंचायत निवडणुकांच्या वेळी नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या गावांत सरपंचपदाचा लिलाव झाल्याच्या बातम्या व ध्वनिचित्रफिती बाहेर आल्या. उमराण्यातील बोली दोन कोटींच्या वर गेल्याचे व खोंडामळीतील ४२ लाखांची असल्याचे सांगितले गेले. पैसा कोणाच्या खिशात जाणार नव्हता. तो मंदिराच्या कामासाठी होता. राज्य निवडणूक आयुक्त यू. पी. एस. मदान यांनी जिल्हाधिकारी, निवडणूक निरीक्षक, उपविभागीय अधिकारी व तहसीलदार यांचे अहवाल मागवले, पुरावे पाहिले आणि दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. आपल्याकडेही डिसेंबर २०२० च्या ग्रामपंचायत निवडणुकांत जागांच्या लिलावाच्या बातम्या आल्या होत्या.

या प्रकरणाने अनेक सज्जन गोंधळले. गावाचा पैसा वाचला, तंटे टळले, देऊळ झाले. अपराध तो काय? बिनविरोध निवडणुकीचे आपणांस कौतुक असते. गुजरात सरकारने तर २००१ पासून समरस गावांना अनुदान देण्याची योजना चालविली. परंतु एकमत आणि लिलाव यांत फरक आहे. एकमतात गावातील निर्धन पण जाणता माणूसही सरपंच होऊ शकतो. लिलावात तो बोलीच लावू शकत नाही. उमेदवारीचा अर्ज करणे, न करणे वा मागे घेणे, हेही कायद्याच्या व्याख्येत मतदानाइतकेच निवडणूकविषयक हक्क आहेत आणि त्यासाठी मोबदला देणे ही लाचच आहे. देऊळ बांधणारा उद्या सरपंच म्हणून गावाला उत्तरदायी राहत नाही. त्याने पावती आधीच घेतलेली असते. पैसा देवळात गेला म्हणून सौदा पवित्र होत नाही. देवाला जामीन ठेवण्याचाच तो दुसरा प्रकार आहे.

आम्हांस या घटनेतील महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. निवडणूक रद्द झाली ती अहवालांच्या आधारे. गावातील बहुसंख्यांच्या संमतीने घडलेली गोष्ट चुकीची आहे, असे कोणीतरी सहीनिशी लिहिले. येथे आमच्या दुसऱ्या प्रश्नाला तोंड फुटते.

निरीक्षकाने काय करावे? त्याच्या मर्यादा आम्ही जाणतो. तो प्रत्येक स्वयंपाकघरात शिरू शकत नाही, आणि शिरू लागला तर ते मतखरेदीपेक्षा मोठे संकट होईल. भरारी पथके, तपासणी नाके, चित्रीकरण यांनी ट्रकमधला पैसा पकडता येतो. पदरात बांधलेली नोट पकडता येत नाही, आणि आता तर पैसा मोबाईलवरूनही जातो. दंड संहितेने या गुन्ह्याला एक वर्षापर्यंतची कैद किंवा दंड एवढीच शिक्षा ठेवली होती आणि तो अदखलपात्र मानला होता. न्याय संहितेतही शिक्षेची मर्यादा वाढलेली नाही. शिवाय केंद्रवार मोजणीमुळे कोणत्या गल्लीने काय केले याचा अदमास उमेदवाराला येतो. अनेक केंद्रांची मते एकत्र मिसळून मोजावीत अशी शिफारस विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात केली होती. या सर्व गोष्टी निरीक्षकाच्या हाताबाहेरच्या आहेत.

परंतु तीन गोष्टी त्याच्या हातातल्या आहेत. पहिली, पाहणे. ताफा घेऊन, आधी कळवून केलेली पाहणी ही पाहणी नव्हे. जेथे दिवे कमी तेथे पायी गेले पाहिजे. आणि पाहताना कायद्यापुढे देणारा-घेणारा सारखे असले, तरी न्यायबुद्धीने भेद केला पाहिजे. पाचशे रुपये घेणाऱ्या बाईला कोठडी दाखवून पाच लाख वाटणाऱ्याला मोकळे सोडणे, ही कारवाई नव्हे.

दुसरी, बोलणे. गुप्ततेची हमी आपण यंत्रापुरती देतो. मतदाराच्या मनावर जी शपथ बसली आहे, तिच्याविषयी आपण अवाक्षर काढत नाही, कारण ते आपले काम नव्हे असे वाटते. वस्तुतः गावचे देवस्थानचे पंच, मठाचे स्वामी, मशिदीचे इमाम, शाळेचे गुरुजी यांना एकत्र बसवून, मतासाठी उचलेला भंडार बांधीत नाही, असे त्यांच्या तोंडून जाहीर करवून घेणे निरीक्षकाला अशक्य नाही. त्याला एक पैशाचा खर्च नाही.

तिसरी आणि सर्वांत अवघड गोष्ट, लिहिणे. अधिकार नाहीत ही सबब अर्धीच खरी आहे. संसदेने १९९६ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती करून केंद्रीय आयोगाच्या निरीक्षकांना कायदेशीर स्थान दिले. २०१८ मध्ये बंगळूरच्या जालहळ्ळी भागातील एका सदनिकेत ९,७४६ मतदार ओळखपत्रे सापडली, तेव्हा राजराजेश्वरीनगरची निवडणूक १२ मेऐवजी २८ मे रोजी घेण्यात आली. वेल्लोर लोकसभा मतदारसंघातील निवडणूक २०१९ मध्ये पैशाच्या वापरामुळेच रद्द झाली होती. म्हणजे लिहिलेले वाचले गेले तर निवडणूक थांबू शकते. परंतु हजारो अहवालांत ‘शांततेत’ हा एकच शब्द असेल तर आयोगाने तरी कशावर पाऊल उचलावे? दंगा झाला नाही म्हणजे शांतता, अशी आपण व्याख्या करून ठेवली आहे. बाजारही शांतच चालतो, जेव्हा विकणारा व घेणारा दोघेही राजी असतात.

पुन्हा भीष्मांकडे वळतो. सभेत द्रौपदीने प्रश्न विचारला तेव्हा ते तेथे होते. सर्वांत ज्येष्ठ होते. त्यांनी धर्माची गती सूक्ष्म आहे असे सांगितले. सांगितले त्यात काही खोटे नव्हते. तथापि, ज्याच्या समोर घडते आणि ज्याच्या शब्दाला वजन आहे, त्याने खरे पण निरुपयोगी वाक्य उच्चारावे, याला साक्ष म्हणत नाहीत. पाहणारा आणि साक्षीदार यांत हाच भेद आहे. पाहणारा घरी जातो. साक्षीदाराला बोलावे लागते. निरीक्षक हा साक्षीदार म्हणून पाठविलेला असतो. आम्ही पाहणारे म्हणून परत आलो.

त्यावेळी आम्ही असे का केले, याचा शोध आम्ही अनेकदा घेतला आहे. कोणी दडपण आणले नव्हते, कोणी आमिष दाखविले नव्हते. पुरावा नसताना लिहावे कसे, ही कायद्यात मुरलेल्या मनाची सवय होती. लिहिले असते तर खुलासे मागितले गेले असते. निवृत्तीला फार वर्षे राहिली नव्हती. सरकारचे मीठ आम्हीही खाल्ले होते आणि खाल्ल्या मिठाला जागणे म्हणजे वरिष्ठांना त्रास न देणे, असा त्याचा अर्थ आम्ही लावला होता. ते मीठ सरकारचे नव्हते, त्या कट्ट्यावरच्या बाईंसारख्यांनी भरलेल्या करातून आले होते, हे तेव्हा सुचले नाही. म्हणजे त्या बाई आणि आम्ही एकाच चुकीत सापडलो होतो. फरक इतकाच की, त्यांना तो प्रश्न वाटला व त्यांनी तो विचारला. आम्हांस तो वाटलाच नाही.

प्राध्यापक महाशयांना आमचे उत्तर असे आहे. होय, आमच्या देखत पैसे वाटले गेले. निरीक्षक एकटा ते थांबवू शकत नाही. जोवर मीठ आणि मत यांची गाठ लोकांच्या मनात सुटत नाही, तोवर कोणताही आयोग ते थांबवू शकणार नाही. परंतु निरीक्षक ते जसे घडले तसे लिहू शकतो, आणि ज्या मतदाराचा शब्द पकडून ठेवला आहे त्याला मोकळे करू शकतो. एवढे त्याने केले नाही, तर तो तेथे नसल्यासारखाच होता.

आपल्या मंडळाच्या सभासदांत सेवेत असलेले अनेक जण आहेत. त्यांच्यापैकी कोणाला पुढील निवडणुकीत हे काम येईल. त्यांच्यासाठी हे लिहिले. आमचा अहवाल कोठल्या तरी कपाटात असेल किंवा नियमानुसार नष्टही झाला असेल. तो आता दुरुस्त करता येत नाही. त्यात एक वाक्य कमी होते, ते येथे लिहितो: मतदानाच्या दोन दिवस आधी या गावात घरोघरी पैसे वाटण्यात आले, मतदारांकडून देवळात शपथा घेण्यात आल्या, आणि एका वृद्ध मतदाराने निरीक्षकास त्याविषयी विचारले असता निरीक्षकाने उत्तर दिले नाही.